घोडी, मांजर आणि मोती: शेरेमेत्येव घराण्याची गोष्ट



रशियात मेडिकलला गेलेलं एखादं पोर आजकाल आपल्या ओळखीत असतंच. नात्यात नसलं तर शेजारी असतं. त्याचं तिकीट कधी पाहिलंत, तर त्यावर एक लांबलचक नाव दिसतं: शेरेमेत्येवो. मॉस्कोचा मोठा विमानतळ. हे नाव जवळच्या एका रेल्वे स्टेशनावरून आलं, आणि स्टेशनाला ते मिळालं तिथल्या जमिनीच्या मालकांवरून. ते मालक म्हणजे काउंट शेरेमेत्येव. क्रांतीने त्यांचे वाडे घेतले, जमिनी घेतल्या, पदव्या रद्द केल्या. पण स्टेशनाचं नाव तसंच राहिलं आणि १९५९ मध्ये तिथून प्रवासी विमानं उडायला लागली तेव्हा सोव्हिएत सरकारच्या फलकावर एका उमराव घराण्याचं आडनाव झळकलं.

आज या घराण्याबद्दल बोलू. आधीच सांगतो, पहिल्या पुरुषापासून शेवटच्यापर्यंत वंशावळ वाचून दाखवणार नाही. ती फार मोठी आहे, आणि तिच्यात दर तिसऱ्या माणसाचं नाव बोरिस, प्योत्र नाहीतर वासिली आहे. मला या घराण्यात रस वाटतो तो एका प्रश्नामुळे. ज्यांच्या मालकीची दोन लाखांच्या आसपास माणसं होती, त्यांचा एकुलता एक वारस त्याच माणसांपैकी एका बाईच्या पोटी जन्माला आला. मग पुढे काय बदललं?

पण तिथवर पोचायला थोडं मागून यावं लागेल.

चौदाव्या शतकात मॉस्कोच्या दरबारात आंद्रेय नावाचा एक सरदार होता. १३४७ मध्ये राजासाठी नवरी आणायला त्याला त्वेरला पाठवलं, अशी नोंद आहे. त्याचं टोपणनाव कोबिला, म्हणजे घोडी! त्याच्या मुलाचं टोपणनाव कोश्का, म्हणजे मांजर. हसू नका, आपल्याकडे मांजरेकर आहेत, कोल्हे आहेत, वाघमारे आहेत. या मांजराच्या वंशातून पुढे दोन मोठ्या फांद्या फुटल्या. एक रोमानोव्ह, म्हणजे १६१३ ते १९१७ रशियाच्या गादीवर बसलेलं घराणं. आणि दुसरी शेरेमेत्येव, जी पंधराव्या शतकाच्या अखेरीस आंद्रेय ‘शेरेमेत’ या माणसापासून सुरू होते. म्हणजे शेरेमेत्येव हे झारचे चाकर असले तरी मूळ पुरुष एकच. भाऊबंदच म्हणा ना. आणि भाऊबंदकीत मोठ्या घराशेजारी राहण्याचे फायदे-तोटे काय असतात, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

तोटे पहिल्यांदा दिसले ते इव्हान द टेरिबलच्या काळात. या झारचा थोरला मुलगा, त्याची तिसरी बायको येलेना ही शेरेमेत्येवांची मुलगी. १५८१ मध्ये झारने स्वतःच्या हाताने त्या मुलाला मारलं. रेपिनचं ते प्रसिद्ध चित्र, ज्यात म्हातारा बाप रक्ताने माखलेल्या मुलाला कवटाळून बसलाय, ते याच घटनेचं. पोपचा दूत पोस्सेविनो याने लिहून ठेवलंय त्याप्रमाणे भांडणाचं कारण येलेना होती. ती गरोदर होती, अंगावर पुरेसे कपडे नाहीत म्हणून सासऱ्याने तिला मारहाण केली, आणि नवरा मध्ये पडला. याच घराण्यातला एक इव्हान शेरेमेत्येव झारच्या जाचातून सुटायला उत्तरेकडच्या मठात जाऊन साधू झाला. तर १५७३ मध्ये झारने त्या मठाला लांबलचक पत्र लिहिलं. तक्रार काय, तर हा शेरेमेत्येव तिथे साधूसारखा राहत नाही, मजेत राहतो!

सतराव्या शतकातला फक्त एक माणूस सांगतो आणि पुढे जातो. वासिली शेरेमेत्येव, सेनापती. १६६० मध्ये चुदनोवच्या लढाईत हरला, क्रिमियाच्या तातारांच्या ताब्यात गेला आणि जवळजवळ एकवीस वर्षं कैदेत राहिला. सुटून घरी आला, आणि वर्षभरात गेला.

घराण्याला खरी झळाळी आणली ती बोरिस पेत्रोविच शेरेमेत्येवने. जन्म १६५२. पीटर द ग्रेटचा फील्ड मार्शल. पीटर वयाने त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, तापट, घाईचा. बोरिस सावध, हळू. १७०० मध्ये नार्व्हाला स्वीडिश सैन्याने रशियाचा धुव्वा उडवला तेव्हा बोरिसचं घोडदळ नदी पार करून पळालं होतं. पण पुढच्या दोन वर्षांत त्यानेच स्वीडनला लागोपाठ हरवलं. १७०९ मध्ये पोल्टाव्हाच्या लढाईत, जिथे स्वीडनचा कणा मोडला, तिथे पायदळ त्याच्या हाताखाली होतं. मधल्या काळात १७०६ मध्ये त्याने आस्त्राखानचं बंड मोडलं, आणि त्याबद्दल त्याला काउंट ही पदवी मिळाली. रशियाच्या झारने स्वतः दिलेली ही पहिली काउंटपदवी. म्हणजे पदवी मिळाली ती परकीय शत्रूला हरवल्याबद्दल नाही, आपल्याच लोकांचं बंड चिरडल्याबद्दल. हे लक्षात ठेवा.

म्हातारपणी बोरिसला मठात जायचं होतं. पीटरने काय केलं? त्याचं लग्न लावलं! स्वतःच्या मामाच्या तरुण विधवेशी. बोरिस तेव्हा साठीला आलेला. त्या लग्नातून १७१३ मध्ये प्योत्र झाला, १७१४ मध्ये नाताल्या. पहिल्या लग्नाचा मुलगा मिखाइल तुर्कांकडे ओलीस होता, तो परतीच्या वाटेवर वारला. म्हणजे पीटरने म्हाताऱ्याला मठात जाऊ दिलं असतं तर पुढची अर्धी गोष्ट घडलीच नसती. बोरिस १७१९ मध्ये गेला. आपल्याला कीव्हच्या मठात पुरा, असं त्याने लिहून ठेवलं होतं. पीटरने त्याला सेंट पीटर्सबर्गमध्ये पुरलं. नव्या राजधानीला मोठ्या माणसांची थडगी हवी होती ना.

नाताल्याची गोष्ट रशियात शाळकरी मुलांनाही माहीत असते. पंधरा वर्षांची असताना तिची सोयरीक इव्हान दोल्गोरुकोव्हशी ठरली. हा तरुण झार दुसऱ्या पीटरचा जिवलग मित्र, म्हणजे देशातलं सगळ्यात मोठं स्थळ. सगळं गणगोत जमलं. आणि महिन्याभरात, जानेवारी १७३० मध्ये, झार देवी येऊन मेला. दोल्गोरुकोव्ह रातोरात संपले. नातेवाइकांनी नाताल्याला सांगितलं, अंगठी परत कर, अजून काही बिघडलेलं नाही. तिने ऐकलं नाही. एप्रिलमध्ये लग्न झालं आणि काही दिवसांतच सासरच्या सगळ्यांसोबत तिची सैबेरियात, बेरेझोवला रवानगी झाली. १७३९ मध्ये नवऱ्याला हालहाल करून मारलं. ती मुलांना घेऊन परत आली, मुलं वाढवली, मग कीव्हला जाऊन संन्यासिनी झाली. १७६७ मध्ये तिने स्वतःच्या हाताने आठवणी लिहून काढल्या. रशियन बाईने लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या आत्मचरित्रांपैकी ते एक आहे.

तिच्या भावाने, प्योत्रने, वेगळी वाट धरली. १७४३ मध्ये त्याने वार्वारा चेर्कास्काया हिच्याशी लग्न केलं. ती चॅन्सेलर चेर्कास्कीची एकुलती एक मुलगी. हुंड्यात काय आलं? ओस्तान्किनोसकट गावंच्या गावं, आणि गावांसकट माणसं.

आता इथे थांबून ही ‘माणसं’ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. रशियातले भूदास. मराठीत आपण सर्फला भूदास म्हणतो, पण त्या शब्दाने जमिनीला बांधलेला शेतकरी एवढंच डोळ्यासमोर येतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भूदास विकता यायचा, गहाण टाकता यायचा, हुंड्यात देता यायचा. लग्नाला मालकाची परवानगी लागायची. काही जण वेठ करायचे, म्हणजे आठवड्यातले ठरलेले दिवस मालकाच्या शेतावर फुकट. काही जण वर्षाला ठरलेला खंड भरायचे आणि काय हवा तो धंदा करायचे. आणि काहींना मालक घरात घ्यायचा: आचारी, गाडीवान, चित्रकार, गवई, नट.

उमरावाची श्रीमंती मोजायचं मापही ऐका. ‘दुशा’, म्हणजे जीव, आत्मा. अमक्याकडे पाच हजार जीव, तमक्याकडे दहा हजार. या हिशोबात फक्त पुरुष धरायचे. शेरेमेत्येवांकडे प्योत्रच्या मुलाच्या काळात असे लाखाच्या वर जीव होते. बायका-मुली धरल्या तर आकडा दोन लाखांपर्यंत जातो. झारचं घराणं सोडलं तर देशात यांच्या तोडीचं कोणी नव्हतं.

प्योत्रचा मुलगा निकोलाय. जन्म १७५१. चार वर्षं युरोप फिरला, हॉलंडमध्ये लायडनला शिकला, पॅरिसमध्ये चेलो शिकला. त्याला वेड लागलं ते ऑपेराचं. परत आला तो त्याच ध्यासाने. मॉस्कोजवळ कुस्कोवोला वडिलांचा वाडा होता, तिथे त्याने भूदासांची नाटक मंडळी उभी केली. पॅरिसच्या आपल्या चेलो-शिक्षकाला पत्रं लिहून तो नव्या ऑपेरांच्या संहिता, वेशभूषांची चित्रं, रंगमंचाच्या यंत्रांची माहिती मागवत असे. आपल्याकडच्या संगीत नाटकवाल्या श्रीमंत आश्रयदात्यांसारखाच, फक्त एक फरक होता. आश्रयदात्याचं आणि बालगंधर्वांचं पटलं नाही तर गंधर्व दुसरीकडे जाऊ शकत होते.

या मंडळीत गावागावांतून मुलं-मुली निवडून आणायचे. यारोस्लाव्हल प्रांतातल्या एका लोहाराची मुलगी अशीच सात-आठ वर्षांची असताना वाड्यावर आली. नाव प्रास्कोव्या. आडनाव कोवाल्योवा, त्याचा अर्थही लोहारीणच. जन्म १७६८. तिला गाणं शिकवलं, फ्रेंच आणि इटालियन शिकवलं, उमराव बाईने कसं बसावं-उठावं ते शिकवलं. १७७९ मध्ये, अकरा वर्षांची असताना, ती पहिल्यांदा रंगमंचावर आली.

मग निकोलायने या मुलींची आडनावं बदलली. त्याला रत्नांची आवड. एक झाली माणिक, एक पिरोजा, एक पाचू, एक हिरा. प्रास्कोव्या झाली झेम्चुगोवा, म्हणजे मोती. ऐकायला गोड वाटतं. पण हा हक्क दागिन्याच्या मालकाचा आहे, हेही त्यात आलं. या मंडळीच्या जेवणाचे, पगाराचे, शिक्षेचे लेखी हुकूम काउंटच्या कचेरीतून सुटत.

१७८७ मध्ये महाराणी कॅथरीन कुस्कोवोला आली. ग्रेत्रीचा ‘सॅम्नाइट विवाह’ हा ऑपेरा झाला. त्यात प्रास्कोव्याने शस्त्र घेऊन लढाईला जाणारी नायिका केली. महाराणी इतकी खूश झाली की तिने बोटातली हिऱ्याची अंगठी दिली. विचार करा: एकोणीस वर्षांची मुलगी, हातात महाराणीची अंगठी. आणि कायद्याने ती मुलगी, अंगठीसकट, काउंटच्या मालमत्तेत मोडते.

निकोलायने तिच्यासाठी ओस्तान्किनोला नवं थिएटर बांधलं. म्हणजे वाडाच बांधला, पण त्याच्या मध्यभागी थिएटर. लाकडाचा, पण वरून दगडी दिसणारा. प्रेक्षागृहाची जमीन यंत्राने उचलून काही वेळात नाचाचा दिवाणखाना करता येत असे. १७९५ मध्ये ते सुरू झालं. नकाशांत क्वारेंगीसारख्या इटालियन वास्तुशिल्पींचा हात होता. पण काम तडीस नेलं ते पावेल आर्गुनोव्ह, मिरोनोव्ह, दिकुशिन यांनी, आणि हे तिघेही शेरेमेत्येवांचे भूदास.

हे आर्गुनोव्ह म्हणजे घराण्यातलं घराणं. इव्हान आर्गुनोव्ह चित्रकार. शेतकरी बाईचं ते प्रसिद्ध चित्र, लाल पोशाख, डोक्यावर सोनेरी कोकोश्निक, १७८४ चं, ते त्याचं. आज मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. त्याच्या नात्यातला फ्योदर वास्तुशिल्पी, मुलगा पावेल वास्तुशिल्पी, दुसरा मुलगा निकोलाय चित्रकार. प्रास्कोव्याचा चेहरा आज आपल्याला माहीत आहे तो या निकोलाय आर्गुनोव्हमुळे. इव्हान बातोव व्हायोलिन बनवायचा, त्याला रशियाचा स्ट्रॅडिव्हेरियस म्हणत. स्तेपान देग्त्यार्योव संगीतकार. तोही त्यांचाच.

शेरेमेत्येव म्हटलं की आज जगाला जे आठवतं, कुस्कोवो, ओस्तान्किनो, ती चित्रं, ते संगीत, त्यातलं कितीतरी ज्यांच्या हातून घडलं त्यांची नावं वंशावळीत नाहीत. ती खतावणीत आहेत.

आता मूळ गोष्टीकडे. निकोलाय आणि प्रास्कोव्या यांचे संबंध मालक आणि गायिका एवढेच नव्हते, हे वाड्यात सगळ्यांना माहीत होतं. या प्रेमाबद्दल रशियात लोकगीतं आहेत, कादंबऱ्या आहेत, सिनेमे आहेत. त्यात तो बहुतेक वेळा शेतावरून येणाऱ्या मुलीला पाहतो आणि प्रेमात पडतो वगैरे. मला ते फारसं पटत नाही. ज्या बाईला ‘नाही’ म्हणायचा अधिकारच नाही, तिच्या ‘हो’ला काय म्हणायचं, हे अवघड आहे. पण एवढं खरं, की तो तिच्यापासून शेवटपर्यंत दूर गेला नाही. आणि वय वाढत गेलं तरी त्याने दुसरीकडे लग्न केलं नाही. भाचे मंडळी वारसाहक्कावर डोळा ठेवून बसली होती.

१७९७ मध्ये झार पॉलने निकोलायला दरबारात मोठ्या हुद्द्यावर नेमलं. सगळं बिऱ्हाड सेंट पीटर्सबर्गला फोंतान्का नदीकाठच्या वाड्यात गेलं. प्रास्कोव्याला क्षय झाला होता. गाणं सुटलं. १७९८ मध्ये त्याने तिला मुक्त केलं. पण भूदास नसली तरी लोहाराची मुलगी ती लोहाराचीच, काउंटची बायको कशी होणार? मग एक युक्ती काढली. कोवाल्योवा हे मुळात कोवालेव्स्की या पोलिश उमराव घराण्याचं नाव, आणि प्रास्कोव्याचा पूर्वज युद्धात कैद होऊन शेरेमेत्येवांकडे आला, अशी कागदपत्रं तयार करवली. वंशावळ बनवायची कला आपल्याकडेही काही कमी नाही, तेव्हा हसण्याआधी आपापल्या घरातले कागद तपासा.

६ नोव्हेंबर १८०१ रोजी मॉस्कोतल्या पोवार्स्काया रस्त्यावरच्या लहानशा चर्चमध्ये गुपचूप लग्न लागलं. तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या आहेत. प्रास्कोव्याची बालमैत्रीण, नर्तकी तात्याना श्लिकोवा, म्हणजे मंडळीतली ‘ग्रानातोवा’, तिथे हजर होती. ३ फेब्रुवारी १८०३ ला मुलगा झाला, दिमित्री. २३ फेब्रुवारीला प्रास्कोव्या गेली. बाळ वीस दिवसांचं. मुलगा झाल्यावर लग्नाची बातमी बाहेर आली, झारने वारसाला मान्यता दिली, भाचे संतापले. अंत्ययात्रेला उमरावांपैकी फार कोणी आलं नाही. वास्तुशिल्पी क्वारेंगी मात्र आला होता.

निकोलाय मॉस्कोत गरिबांसाठी धर्मशाळा आणि इस्पितळ बांधतच होता. प्रास्कोव्या गेल्यावर त्याने क्वारेंगीकडून त्याचा नकाशा बदलून घेतला, मध्ये अर्धवर्तुळाकार खांबांची भव्य ओळ घातली. तिचं स्मारक म्हणून. गरीब मुलींच्या लग्नासाठी दरवर्षी रक्कम देण्याची सोय केली, आणि ते वाटप तिच्या स्मृतिदिनी. १८१० मध्ये इस्पितळ उघडलं. ते पाहायला तो राहिला नव्हता, १८०९ च्या पहिल्याच दिवसांत वारला. साध्या पेटीत, तिच्या शेजारी पुरा, असं सांगून.

इथे सिनेमा संपतो. आपण पुढे जाऊ.

दिमित्री सहा वर्षांचा असताना अनाथ झाला. त्याला कोणी वाढवलं? त्याच तात्याना श्लिकोवाने. काल-परवापर्यंत भूदास असलेली नर्तकी रशियातल्या सगळ्यात श्रीमंत मुलाची आई झाली. ती १८६३ पर्यंत त्या वाड्यात राहिली. म्हणजे दिमित्रीला आपली आई कोण होती, कुठून आली, हे ऐकवणारी बाई रोज डोळ्यासमोर होती.

आता त्याच्या मालकीतल्या एका मुलाची गोष्ट. अलेक्सांद्र निकितेंको. दिमित्रीहून वर्षभराने लहान, १८०४ चा. व्होरोनेझ प्रांतातला. त्याचे वडील लहानपणी आवाज चांगला म्हणून शेरेमेत्येवांच्या गायनवृंदात निवडले गेलेले. मुलगा विलक्षण हुशार, पण भूदास, म्हणून हायस्कूलचं दार बंद. त्याने पिस्तूल मिळवून जवळ ठेवलं होतं. जगणं अगदीच असह्य झालं तर तो एक रस्ता आपल्या हातात आहे, या विचारानेच धीर यायचा, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. वयाच्या विशीत तो एका बायबल सोसायटीच्या शाखेचा सचिव झाला. तिथलं त्याचं भाषण राजधानीत मंत्री गोलित्सिनपर्यंत पोचलं, आणि या मुलाला सोडा अशी रदबदली सुरू झाली.

दिमित्री काउंट तेव्हा एकवीस वर्षांचा, शाही घोडदळातला अधिकारी. त्याच्यासाठी ही किती छोटी गोष्ट! लाखातला एक जीव. शिवाय स्वतःची आई मुक्तीच्या कागदामुळे काउंटेस झालेली. तर त्याचं पहिलं उत्तर काय होतं? नकार.

मग कवी रिलेयेव, जो पुढे १८२५ च्या बंडासाठी फासावर गेला, त्याने आणि त्याच्या मित्रांनी दिमित्रीच्याच पलटणीतल्या अधिकाऱ्यांना गाठलं. त्यांनी त्याला इतकं भंडावून सोडलं की ऑक्टोबर १८२४ मध्ये त्याने सही केली. निकितेंको विद्यापीठात गेला, प्राध्यापक झाला, सरकारी सेन्सॉर झाला, अकादमीचा सदस्य झाला. पण सही फक्त त्याच्यापुरती होती. त्याची आई आणि भाऊ त्यानंतरही कित्येक वर्षं शेरेमेत्येवांचे भूदासच राहिले. प्राध्यापकाची आई, मालमत्ता.

दिमित्री वाईट माणूस होता का? नाही हो. उलट दानशूर म्हणून त्याची ख्याती. ‘शेरेमेत्येवच्या खात्यावर जगणं’ असा वाक्प्रचारच झाला होता. इस्पितळाला पैसे, शाळांना पैसे, चित्रकारांना आसरा. त्याचा गायनवृंद देशात नावाजलेला, आणि तो घडवणारा लोमाकिन हाही त्यांच्याच भूदास कुटुंबातला. पैसा तो मागेल त्याला द्यायचा. माणूस सोडायचा म्हटलं की हात आखडायचा. मला वाटतं यात विरोधाभास नाही. दान दिल्याने मालकपण वाढतं, सोडून दिल्याने कमी होतं. आईची गोष्ट त्याच्या घरात अपवाद म्हणून जपली गेली. अपवादाची पूजा केली की नियमाला धक्का लागत नाही.

आणि नियम किती किफायतशीर होता ते इव्हानोवोत दिसतं. हे गाव शेरेमेत्येवांचं, पुढे ‘रशियाचं मँचेस्टर’ म्हणून गाजलेलं. इथले काही भूदास छापील कापडाचे कारखानदार होते, अक्षरशः लखपती. त्यांच्याकडे स्वतःचे भूदास असत, कायद्याने काउंटच्या नावावर घेतलेले! त्यांपैकी येफिम ग्राचोवने १७९५ मध्ये स्वतःची सुटका विकत घेतली. किंमत एक लाख पस्तीस हजार रूबल, शिवाय कारखाना आणि जमीन काउंटला. हा व्यवहार करणारा काउंट कोण? तोच निकोलाय. ज्या वर्षी ओस्तान्किनोचं थिएटर उघडलं, त्याच वर्षी.

जाता जाता आणखी एक. व्होरोनेझकडच्या अलेक्सेयेव्का या त्यांच्याच गावात १८२९ च्या सुमारास दानिल्ला बोकार्योव या भूदासाने सूर्यफुलाच्या बियांतून तेल गाळायला सुरुवात केली. रशियातल्या सूर्यफूल तेलाच्या धंद्याची सुरुवात तिथून मानतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या पिशवीशी या घराण्याचं एवढं नातं आहे.

१८६१ मध्ये सरकारनेच भूदासपण रद्द केलं. दिमित्री १८७१ मध्ये गेला. त्याचा मुलगा सेर्गेय, झार तिसऱ्या अलेक्झांडरचा बालमित्र, इतिहासकार. त्याच्याबद्दल मला आदर आहे, कारण त्याने घरातली जुनी कागदपत्रं जपली, छापली, आणि तात्याना श्लिकोवावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आजी लोहाराची मुलगी होती, यात त्याला लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

१९१८. वाडे सरकारजमा. नोव्हेंबरमध्ये चेकाचे लोक मॉस्कोतल्या वोझ्द्विझेन्कावरच्या घरात शिरले, झडती झाली, मुलं आणि जावई पकडले. म्हातारा सेर्गेय अंथरुणाला खिळलेला. डिसेंबरात तो गेला. १९१९ मध्ये दोन जावयांना, साबुरोव आणि गुदोविच यांना, गोळ्या घातल्या.

त्याचा मुलगा पावेल देश सोडून गेला नाही. ओस्ताफ्येवो या आपल्याच जुन्या वाड्यात सरकारी संग्रहालयाचा रखवालदार-अभ्यासक म्हणून राहिला. तिथूनही काढल्यावर मॉस्कोच्या नोवोदेविची मठाच्या तटातल्या एका बुरुजात बायको-मुलासह बिऱ्हाड थाटलं. लाख जिवांच्या मालकांचा नातू, गोल भिंतींच्या एका खोलीत, भोवती वाचवलेली चित्रं आणि पुस्तकं. मुलगा वासिली युद्धावर असतानाच १९४३ मध्ये पावेल वारला. वासिली परत आला आणि आयुष्यभर चित्रकार म्हणून मॉस्कोतच राहिला.

बाकीचे पांगले. सेर्गेयचा सावत्र भाऊ अलेक्सांद्र, ज्याने स्वतःचा वाद्यवृंद चालवून सामान्य लोकांसाठी स्वस्तात मैफली केल्या होत्या, तो १९३१ मध्ये फ्रान्समध्ये वारला. एका शाखेतला प्योत्र त्याच वर्षी मोरोक्कोत जन्मला, पॅरिसमध्ये वास्तुशिल्पी झाला आणि तिथल्या रशियन संगीत विद्यालयाचा प्रमुख झाला. फोंतान्का काठच्या वाड्याच्या बागेकडच्या भागात कवयित्री आना अख्मातोवाने कितीतरी वर्षं काढली. दारावरच्या कुलचिन्हात शेरेमेत्येवांचं लॅटिन ब्रीद तिला रोज दिसायचं: देव सगळं जपून ठेवतो.

एक माणूस राहिला. निकोलाय शेरेमेत्येव, खापरपणजोबांच्याच नावाचा, वडिलांचंही नाव प्योत्रच, म्हणजे पूर्ण नावही तेच. जन्म १९०३. व्हायोलिन वाजवायचा. १९२४ मध्ये आई आणि भावंडं फ्रान्सला निघाली. हा गेला नाही. तो वाख्तांगोव थिएटरमधल्या त्सेत्सिलिया मान्सुरोवा या नटीच्या प्रेमात होता. ‘प्रिन्सेस तुरान्दोत’मधली पहिली तुरान्दोत, त्या काळची मॉस्कोची लाडकी. या वेळी नाव होतं तिला, मान होता तिला, आणि त्याच्याकडे मात्र असं आडनाव, जे कुठल्याही अर्जावर लिहिताना हात थरथरावा. लोकांनी सांगितलं असणारच, की आडनाव बदल. त्याने बदललं नाही. तिच्याशी लग्न केलं, त्याच थिएटरच्या वाद्यवृंदात वाजवत राहिला. १९४४ मध्ये शिकारीला गेला असताना अपघातात मेला. ती १९७६ पर्यंत जगली.

मॉस्कोला कोणी जाणार असाल तर एवढं सांगतो. सुखारेव्स्काया मेट्रोच्या बाहेर पडलात की ती खांबांची अर्धवर्तुळाकार इमारत दिसेल. आत आता स्क्लिफोसोव्स्की इन्स्टिट्यूट आहे, शहरातलं अपघात आणि तातडीच्या उपचारांचं मोठं इस्पितळ. समोरून ॲम्ब्युलन्स जात असतात. फाटकाशी उभं राहून फोटो काढता येतो.

चला, आजच्या भागात एवढंच. भेटू पुढच्या वेळी.